उजनीखालच्या भीमेची धार आणि वाळूचे पट्टे : सरकत्या पात्राची नोंद कशी ठेवावी

नदीची धार सरकली, हे सोलापूर जिल्ह्यात सर्वांत आधी कळते ते काठावर मोटार बसवलेल्या शेतकऱ्याला. उजनीतून पाणी सुटते, काही दिवस भीमा भरून वाहते, मग विसर्ग बंद होतो. आणि पाणी उतरल्यावर दिसते की, मागच्या आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या फेरीत, ज्या डोहात फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या नळाचे पाण्यातले तोंड) बुडालेला होता तिथे आता वाळू आहे आणि धार समोरच्या काठाला जाऊन चिकटली आहे. मग जेसीबी बोलावून धारेपासून मोटारीपर्यंत चर काढायचा, हे ठरलेले. असे का झाले यावर पारावर चर्चा होते तेव्हा ‘वाळूवाल्यांनी केले’ आणि ‘धरणवाल्यांनी केले’ ही दोनच उत्तरे ऐकू येतात. दोन्हींत तथ्य असू शकते. पण कोणत्या वळणावर कोणते उत्तर लागू पडते हे ठरवायचे असेल, तर पात्राची पद्धतशीर नोंद हाताशी असावी लागते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोर, मोजकाठी, गवंड्याची लेव्हलची नळी, वही, मोबाइल आणि विसर्गाचे रोजचे आकडे एवढ्यावर बहुतेक काम भागते.

पुढील रीत प्रामुख्याने उजनी धरणापासून हत्तरसंग कुडलच्या संगमापर्यंतच्या भीमेसाठी सांगितली आहे. हीच रीत भरती-ओहोटीच्या नदीत वापरायची झाल्यास तीत काय बदल करावा लागतो, हे शेवटच्या भागात दिले आहे. कारण धरणाच्या पाण्यावर चालणारी आणि शिवाय भरतीचे पाणी घेणारी कोकणातील वाशिष्ठीसारखी नदी समजून घ्यायची असेल, तर आधी भरती नसलेल्या भीमेवर हात बसवणे सोपे जाते.

पाणी कोणाच्या हातात आहे

टेंभुर्णीजवळचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील ६३.६६ टीएमसी मृत आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त आहे. या आकड्यांचा पात्राच्या आकाराशी संबंध असा की, पावसाळ्याच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात पूर्वी जे लहान आणि मध्यम पूर भीमेतून सरळ खाली जात, ते आता जलाशय भरण्यात खर्ची पडतात. धरण भरले की मात्र येणारे पाणी तसेच पुढे सोडावे लागते, आणि मग काही तासांत हजारांचा विसर्ग लाखाच्या वर जाऊ शकतो. म्हणजे नदीला वर्षभरात एकतर फार थोडे पाणी मिळते किंवा एकदम फार मिळते. मधला टप्पा, ज्यात नदी दर वर्षी थोडी थोडी झाडझूड करून घेत असे, तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

शिवाय पंढरपूरची भीमा एकट्या उजनीच्या हातात नाही. नीरा नृसिंहपूरला नीरा मिळते आणि तिच्यावर वीर धरण आहे. पुढे सरकोलीजवळ माण मिळते, आणि कुडलला, जिथे शके ९४० चा मराठी शिलालेख असलेले संगमेश्वराचे मंदिर आहे, तिथे सीना मिळते. मध्ये कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे खांबांमध्ये बरगे (फळ्या) घालून पाणी अडवणाऱ्या, बंधाऱ्यांची रांग आहे. त्यामुळे ‘आज उजनीतून किती सोडले’ एवढाच आकडा लिहून भागत नाही. नीरेच्या संगमाच्या खाली जागा असेल तर वीरचा विसर्गही त्याच ओळीत लिहावा. हे आकडे जलसंपदा विभागाच्या दैनिक माहितीत आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. हिशेबासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी अखंड चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पूर चढत असताना वळणावरचे डोह खरवडले जातात आणि त्यांतून उठलेली वाळू दोन वळणांच्या मधल्या उथळ भागावर, ज्याला काठचे लोक उतार म्हणतात त्यावर, साठत जाते. पूर सावकाश ओसरला तर उताराच्या माथ्यावरून वाहणारे उथळ पण वेगवान पाणी त्या वाळूत स्वतःसाठी खोलगट वाट कापून घेते आणि वाळू पुन्हा पुढच्या डोहात जाऊन पडते. नैसर्गिक नदीत ही कापणी कित्येक दिवस चालते. दरवाजे चटकन खाली आले की कापणीला वेळच मिळत नाही. पाणी वाळूच्या ढिगाऱ्यावर विखुरते, जिथे थोडा सखलपणा सापडेल तिथून वाट काढते, आणि ती सखल जागा गेल्या वर्षीच्या धारेपासून पन्नास-शंभर मीटर दूरही असू शकते. म्हणून नोंदवहीत सर्वाधिक विसर्ग किती होता या रकान्यापेक्षा तो किती दिवसांत, कोणत्या टप्प्यांनी खाली आणला हा रकाना अधिक मोलाचा आहे. बहुतेक नोंदवह्यांत हा रकानाच नसतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भीमा ही गंगा किंवा कोसी नव्हे. तिचे पात्र दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलेले आहे, अनेक ठिकाणी तळाला खडक उघडा आहे आणि काठ चिकट काळ्या मातीचे, उभे आहेत. ती गावेच्या गावे ओलांडून वाट बदलत नाही. जे सरकते ते पात्राच्या आतले : धार, वाळूचे पट्टे, बेटे आणि काठाची मळई (गाळाची जमीन). बदलाचे माप आपल्याला किलोमीटरमध्ये नव्हे, मीटरमध्ये घ्यायचे आहे, आणि म्हणूनच मोजणी काळजीपूर्वक व्हावी लागते.

जागा निवडताना

सलग एक वळण आणि त्याच्या खालचा एक उतार एवढा पट्टा निवडावा. त्याहून लांब पट्टा घेण्याचा मोह होतो. परंतु दोन माणसांनी एका सकाळी पुरा होईल एवढाच पट्टा वर्षानुवर्षे मोजला जातो. वळणाच्या बाहेरच्या काठाला डोह असतो, आतल्या काठाला वाळूचा पट्टा असतो, आणि पुढच्या उलट्या वळणाकडे जाताना धार एका काठावरून दुसऱ्या काठाकडे तिरपी जाते; ती तिरपी जागा म्हणजे उतार. बैलगाडीच्या जुन्या वाटा नदी ओलांडत त्या अशाच उतारांवरून, आणि होड्या लागत त्या डोहाच्या काठाला. गावातील वयस्क माणसाला ‘पूल नव्हता तेव्हा गाडी कुठून जायची’ एवढे विचारले, तरी पन्नास वर्षांपूर्वीचा उतार नकाशावर मांडता येतो. आजची उथळ जागा त्याच्या वर सरकली की खाली, ही आपल्या वहीतील पहिली नोंद ठरते.

पट्टा निवडताना जवळची पक्की खूण पाहावी : घाटाची पायरी, पुलाचा खांब, बंधाऱ्याचा दगडी खांब किंवा मंदिराचे जोते. पंढरपुरात अशा खुणांना तोटा नाही. पात्रातच उभे असलेले पुंडलिकाचे मंदिर हीच एक उत्तम खूण आहे, कारण पाणी तिथे कुठपर्यंत आले हे प्रत्येक पुरात कोणी ना कोणी छायाचित्रात टिपलेले असते. मात्र खूण काठावरील मातीत रोवलेल्या दगडाची नसावी. काठच ढासळला तर खूण आणि मोजणी दोन्ही नदीत जातात.

छेद कसा घ्यावा

छेद म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पात्राच्या तळाचा आडवा आलेख. त्यासाठी दोन्ही काठांवर समोरासमोर पक्क्या जागा ठरवून त्यांच्यामध्ये दोर ताणावा. त्यावर दर पाच मीटरला रंगीत चिंधी बांधलेली असावी. पाण्याबाहेरच्या वाळूची उंची लेव्हलच्या नळीने काढावी, कारण तीन-चार जणांनी नुसत्या नजरेने सांगितलेली उंची एकमेकींशी कधीच जुळत नाही. पाण्यात मोजकाठीने खोली घ्यावी. कोरड्या भागात पाच मीटरवर एक नोंद पुरते. धारेत मात्र दर मीटरला घ्यावी, कारण सगळा खेळ तिथेच असतो.

मोजकाठी चार मीटरची बांबूची चालते. तिच्या टोकाला सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती बसवावी. नाहीतर काठी गाळात घुसते आणि खोली उगाच जास्त लिहिली जाते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे त्याच्यामागे साठलेल्या पाण्यात, मोजत असाल तर दोनदा मोजावे. एकदा चकतीसह मोजावे, म्हणजे गाळाचा माथा कळतो, आणि एकदा चकती काढून काठी दाबून, म्हणजे गाळाखालची वाळू कुठे लागते ते कळते. दोन मापांतील फरक हा त्या जागी बसलेल्या गाळाचा थर होय. भीमेवरील औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांच्या फुगवट्यात हे दुहेरी माप घेतल्याशिवाय काढलेला छेद जवळजवळ निरुपयोगी आहे.

सर्वांत जास्त चूक होते ती खोलीचा थेट अर्थ लावताना. समजा, मे महिन्यात घाटावरच्या खुणेपासून पाणी ३.२० मीटर खाली होते आणि ठरलेल्या जागी खोली १.१० मीटर भरली. म्हणजे तळ खुणेखाली ४.३० मीटरवर होता. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी खोली १.५० मीटर भरली. काठावर उभा असलेला कोणीही म्हणेल की, डोह खोल झाला. पण त्या दिवशी पाणी खुणेपासून २.६० मीटरच खाली होते. म्हणजे तळ आता ४.१० मीटरवर आहे. खोली ४० सेंटिमीटरने वाढली आणि तळ मात्र २० सेंटिमीटरने वर आला, म्हणजे तिथे वाळू चढली. म्हणून प्रत्येक फेरीत आधी खुणेपासून पाण्याची पातळी मोजावी, ती पानाच्या डोक्यावर लिहावी, आणि मोजणी संपल्यावर ती पुन्हा मोजावी. वरून पाणी सुटलेले असेल तर दोन-तीन तासांतही ती बदललेली आढळते. छेदाचा आलेख काढताना खोली मांडूच नये, खुणेखालचा तळ मांडावा.

वर्षातून चार फेऱ्या पुरेशा आहेत : पावसाळ्याच्या तोंडावर, पहिला मोठा विसर्ग ओसरल्यावर, बंधाऱ्यांत बरगे टाकण्याच्या अगोदर, आणि उन्हाळ्यातील एका आवर्तनानंतर. यांपैकी तिसरी फेरी चुकवू नये. बरगे पडले की पुढचे कित्येक महिने उतार पाण्याखाली जातात आणि पुराने काय केले ते पाहण्याची संधी निघून जाते.

पाण्याला आपल्या जागेपर्यंत पोचायला लागणारा वेळही स्वतःच काढावा. विसर्ग वाढल्याची वेळ आणि आपल्या खुणेवर पाणी चढू लागल्याची वेळ यांतील अंतर दोन-तीनदा लिहिले की अंदाज येतो. उन्हाळ्यात सोलापूर शहरासाठी सोडलेले पाणी औजपर्यंत पोचायला आठवडा किंवा त्याहूनही अधिक लागतो, कारण वाटेतले रिकामे बंधारे, तापलेली वाळू आणि काठच्या मोटारी त्यातील मोठा हिस्सा आधीच घेतात. पुरात तेच अंतर पाणी फार लवकर कापते. हे माहीत नसेल तर उजनीतील बदल आणि पात्रातील बदल यांचा मेळ चुकीच्या तारखांशी घातला जातो.

सुरक्षिततेबाबत एकच सांगणे : विसर्गाची सूचना असताना पात्रात उतरू नये, आणि उतरताना स्थानिक कोळी बांधवांपैकी कोणीतरी सोबत असावे. पंढरपूरच्या वाळवंटात वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्याच पावलाला डोक्यावर पाण्यात जातो, आणि असे बळी तिथे गेलेले आहेत.

वाळू काय सांगते

मोजणी आकडे देते, पण पाणी कोणत्या दिशेने आणि किती जोराने गेले ते वाळूच्या पट्ट्यावर वाचावे लागते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे प्रवाह जिथे आधी आदळतो तिथे, गोटे आणि जाड रेव असते. खालच्या टोकाला बारीक वाळू आणि शेवटी गाळ असतो. एखाद्या वर्षी बारीक वाळूच्या जागी जाड रेव दिसू लागली तर पट्ट्याचे डोके खाली सरकले असे समजावे. वाळूवर उमटलेल्या लाटांच्या बारीक घड्यांची उभी बाजू पाण्याच्या जाण्याच्या दिशेला असते. पट्ट्यावर या घड्या काठाकडे तोंड करून असतील, तर ओसरताना पाणी पट्टा तिरपा ओलांडून गेले आणि पुढच्या खेपेला कदाचित तिथूनच नवी धार फुटेल.

पट्ट्याच्या खालच्या टोकाशी हातभर खोल चर खणून एक बाजू खुरप्याने सरळ तासून घ्यावी. बंधाऱ्याच्या फुगवट्यात येणाऱ्या पट्ट्यात या भिंतीत सर्वांत वर भेगाळलेली काळपट गाळाची खपली दिसते, तिच्याखाली स्वच्छ पिवळसर वाळू, तिच्यात तिरप्या बारीक रेषा, मग पुन्हा बोटभर जाडीचा काळा थर आणि त्यात कुजलेल्या जलपर्णीची मुळे. वाळू म्हणजे पाणी वाहत होते. काळा थर म्हणजे पाणी थांबले होते, बहुधा बरगे घातलेले असताना. दोन काळ्या थरांमधली वाळू ही साधारणपणे एका पूरहंगामाची जमा धरता येते, आणि मधला एखादा थर कापला गेला असेल तर ज्या पुराने तो कापला त्याचा जोरही कळतो. सोबत मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि चर बुजवून टाकावा.

झाडोरा पट्ट्याचे वय सांगतो. उघडी वाळू चालू हंगामाची. गवत आणि लव्हाळे उगवलेली साधारण एक पावसाळा टिकलेली. वेडी बाभूळ मनगटाएवढी झाली असेल तर त्या जागेला काही वर्षे जोराचे पाणी लागलेले नाही. उजनीखालच्या भीमेत बेटे पक्की होतात ती मुख्यतः यामुळेच. पूर्वी दर वर्षीचे मध्यम पूर कोवळी रोपे उपटून नेत. आता ती तीन-चार वर्षे निर्धास्त वाढतात, त्यांच्या बुडाशी गाळ अडकतो, पट्टा उंचावतो, आणि मग ऑक्टोबर २०२० सारखा मोठा पूर आला तरी पाणी बेटाला बगल देऊन समोरचा काठ खाते. काठ ढासळला की लोक पुराला दोष देतात. खरी तयारी त्याआधीच्या कोरड्या वर्षांत बेटावर झालेली असते.

धरणाचे काम, उपशाचे काम आणि संगमाचे काम

धरण वाळू अडवते. उजनीतून खाली येणारे पाणी आपली वाळू जलाशयात सोडून आलेले असते, त्यामुळे धरणाच्या लगतच्या पट्ट्यात ते तळातील बारीक माल उचलून नेते आणि मागे गोट्यांचा थर उरतो. गोट्यांचा असा सलग थर हे धरणाच्या परिणामाचे लक्षण मानावे. जसजसे खाली जावे तसतसा हा परिणाम ओढ्यांनी आणि उपनद्यांनी आणलेल्या वाळूत मिसळून पुसट होतो.

उपशाची लक्षणे वेगळी आहेत. खड्ड्याच्या कडा तीक्ष्ण असतात, शेजारी चाळून टाकलेल्या गोट्यांचे ढीग असतात, आणि खड्डा धारेच्या ओळीत नसून वाहन जिथवर पोचते त्या ओळीत असतो. पुढच्या विसर्गात खड्ड्याची वरची कड ढासळत ढासळत वरच्या बाजूला सरकते आणि त्याच्या खालच्या भागात वाळू कमी पोचते, कारण येणारी वाळू आधी खड्डा भरते. एखाद्या काठाची झीज उपशामुळे आहे असे म्हणण्यापूर्वी ही दोन्ही चिन्हे छेदात दिसतात का ते पाहावे.

मोटारीसाठी काढलेले चर ही तिसरी गोष्ट, जी तक्रारीत कधी येत नाही. पट्टा आडवा फोडून काढलेला चर पुढच्या आवर्तनात एकतर बुजतो किंवा रुंदावतो, आणि रुंदावला तर धारेची नवी फांदी तयार होते. पाच-सहा शेतकऱ्यांनी लागोपाठ काढलेल्या चरांनी एखादा उतार वाकडा झाला तर त्यात आश्चर्य नाही. म्हणून चर कोणी काढला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या दिशेने, हेही लिहावे. नाव लिहिण्याची गरज नाही, चराची जागा पुरे.

बंधाऱ्याच्या खाली पडणाऱ्या पाण्याने डोह होतो आणि त्याच्या पुढे वाळूचे आडवे बेट साठते. हे दर बंधाऱ्यापाशी दिसते, त्यावर फार वेळ घालवू नये. बरगे वेळेवर निघाले नाहीत तर मात्र पाणी बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून काठ फोडते, आणि तसे झाल्यास काठाच्या छेदाची वेगळी ओळ सुरू करावी.

संगम हा या सगळ्यातला सर्वांत बोलका भाग. माणसारखी नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते, पण माणदेशात जोराचा पाऊस झाला की ती वाळूचा लोंढा घेऊन येते. त्याच वेळी उजनी भरायची असेल तर भीमेत ती वाळू पुढे नेण्याइतके पाणी नसते; मग संगमावर पंख्यासारखा ढीग पसरतो आणि भीमेची धार समोरच्या काठाला रेटली जाते. कुडलला सीनेच्या बाबतीतही हेच तपासावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या मोठ्या पुरासारख्या घटनेनंतर संगमाचा छेद लगेच घेणे आणि पुढच्या उजनी विसर्गानंतर पुन्हा घेणे, या दोन मोजण्यांतून जेवढे कळते तेवढे एरवीच्या अनेक फेऱ्यांतून कळत नाही. कोणत्या नदीचा पूर आधी आला आणि कोणत्या नदीचा नंतर, यावर ढीग राहणार की वाहून जाणार हे ठरते.

उपग्रहचित्रांचा उपयोग

सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे २०१५ पासून विनामूल्य मिळतात आणि त्यांतील एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा असतो. लँडसॅटची ३० मीटरची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत, म्हणजे उजनी भरू लागल्यापासूनचा जवळजवळ सगळा काळ त्यांत सापडतो. गुगल अर्थमधील जुनी चित्रे आणि इस्रोचे भुवन हेही उपयोगी आहेत. दोन चित्रांची तुलना करताना दोन्ही दिवसांचा विसर्ग सारखा होता की नाही हे पाहिलेच पाहिजे. नाहीतर पाणी वाढल्याने बुडालेला पट्टा वाहून गेला असे वाटते. बरगे टाकलेल्या काळातील चित्रे या कामासाठी बाजूलाच ठेवावीत. दहा मीटरपेक्षा कमी सरकलेली धार चित्रावरून ठरवू नये. त्यासाठी दोर आणि काठीच घ्यावी लागते. चित्रावर विसंबून प्रत्यक्ष पात्रात न उतरण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे आणि ती भीमेसारख्या अरुंद नदीत फसवी आहे.

भरतीची नदी : वाशिष्ठीत काय बदलते

कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीच्या पश्चिमेला वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही वाशिष्ठीत गोडे पाणी असते, आणि विजेच्या मागणीप्रमाणे ते दिवसाच्या आत कमी-जास्त होते. खालून दाभोळच्या खाडीतून भरती चढते ती चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत. एकाच पात्रात वरून धरणाचे वेळापत्रक आणि खालून चंद्राचे वेळापत्रक अशी दोन वेळापत्रके चालतात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने दोन्ही कधी जुळतात, कधी एकमेकांच्या विरुद्ध जातात.

भीमेत वाळू एकाच दिशेने जाते. इथे ती दोन्ही दिशांनी जाते आणि उरते ती वजाबाकी. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर वाळू वाहून नेण्याची ताकद आठपट किंवा त्याहूनही अधिक वाढते. नदी जसजशी अरुंद आणि उथळ होत जाते तसतशी भरती कमी वेळात, जास्त वेगाने चढते आणि ओहोटी सावकाश, जास्त वेळ उतरते. म्हणून वरून पाणी कमी असताना वाळू आणि गाळ वरच्या बाजूला ढकलला जातो, आणि पावसाळ्यातील पुराने तो पुन्हा खाली नेला जातो. धरणाने तो पूर कमी केला की वजाबाकी बिघडते. हुगळीत नेमके हेच झाले होते, म्हणून १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यातून ३८ किलोमीटरच्या कालव्याने ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी कोलकाता बंदराकडे वळवण्याची योजना आखली गेली. त्याच हुगळीत, दामोदर आणि रूपनारायण मिळतात त्या भागात ‘जेम्स अँड मेरी’ नावाची कुप्रसिद्ध उथळ जागा आहे. १६९४ मध्ये तिथे बुडालेल्या जहाजावरून ते नाव पडले. कुडल किंवा सरकोलीचा संगम मोजलेल्या माणसाला ती जागा तिथेच का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

भरतीच्या पात्रात धारा दोन असतात. ओहोटीची धार बहुधा वळणाच्या बाहेरच्या काठाने, भीमेच्या धारेसारखी वाहते. भरतीची धार मात्र सरळ घुसते, वरच्या बाजूला उथळ होत जाते आणि वाळूत संपते. दोघींच्या मध्ये लांबट पट्टा राहतो. नकाशा काढताना प्रत्येक खोलगट वाट वरच्या टोकाला बंद आहे की खालच्या, हे आधी लिहावे. वरच्या टोकाला बंद असेल तर ती भरतीची वाट आणि खालच्या टोकाला बंद असेल तर ओहोटीची. पट्ट्यावरच्या बारीक घड्या इथे फक्त शेवटच्या पाण्याची दिशा सांगतात, म्हणजे जवळजवळ नेहमीच ओहोटीची. त्यांच्यावरून एकूण ओढ ठरवू नये. हातभर उंचीच्या मोठ्या वाळूच्या लाटा कोणत्या बाजूला झुकल्या आहेत ते पाहावे.

मोजणीचा नियम तोच राहतो, पण पातळी दर दहा मिनिटांनी वाचावी लागते. एक माणूस धक्क्यावरील मोजपट्टीपाशी घड्याळ घेऊन बसतो आणि दुसरा होडीतून खोली व वेळ दोन्ही लिहितो. इथे पातळी मोजपट्टीच्या शून्यापासून वर वाचलेली असते, म्हणून नंतर प्रत्येक खोलीतून त्या वेळची पातळी वजा करून शून्याखालचा तळ काढायचा. मोजणी भरती संपून पाणी थबकते त्या सुमारास सुरू करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके मुख्य बंदरांसाठी असतात, आत खाडीत पाणी उशिरा पोचते. तो उशीर उजनीच्या पाण्यासारखाच स्वतः मोजून काढावा. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण (सर्वांत मोठी भरती) असते आणि अष्टमीनंतर भांग (सर्वांत लहान भरती). पंढरपूरला एकादशीची गर्दी उसळलेली असते तेव्हा खाडीत भांगाचे पाणी नुकते वाढू लागलेले असते. एक फेरी उधाणाची आणि एक भांगाची, अशा दोन्ही घ्याव्यात, कारण उधाणात उठलेला गाळ भांगात खाली बसतो आणि एकाच फेरीच्या आकड्यांवरून तो कायमचा बसला असे वाटते. गोडे आणि खारे पाणी जिथे मिळते तिथे बारीक गाळाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर तळाला जातात; वरून पाणी जास्त सुटले की ही जागा दाभोळच्या बाजूला सरकते, कमी झाले की चिपळूणकडे येते. पाण्याची चव घेऊन नव्हे, क्षारता मोजणाऱ्या साध्या मीटरने ती शोधावी आणि तळाजवळचे पाणी बाटलीत घेऊन मोजावे, कारण खारे पाणी जड असल्याने ते खालून आत शिरते.

चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतून गाळ काढण्याचे काम झाले. त्या आधीच्या आणि नंतरच्या छेदांची थेट तुलना करू नये, काढलेल्या गाळाची जागा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवावी. आणि भीमेची सवय झालेल्या माणसाने वाशिष्ठीत काठी घेऊन पाण्यात उतरू नये. तिथे मगरी आहेत. खोली होडीतूनच, वजन बांधलेल्या दोरीने घ्यावी.